जुन्या डेस्कटॉपमध्ये नवी हार्ड डिस्क बसवताना

जुन्या डेस्कटॉपमध्ये आणखी एक हार्ड डिस्क बसवण्याचे काम प्रत्यक्षात चार स्क्रू आणि दोन केबलचे आहे, आणि ज्याने आजवर कॅबिनेट उघडलेले नाही त्यालाही ते सावकाश केल्यास जमते. फसगत होते ती त्याआधी, डिस्क निवडताना. कारण दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा मदरबोर्ड (संगणकातले मुख्य सर्किट) आजची डिस्क ओळखेलच याची खात्री नसते, आणि ओळखली तरी तिची सगळी जागा वापरता येईलच असे नाही. म्हणून माझा आग्रह असा की कॅबिनेट एकदा केवळ पाहणीसाठी उघडावे, आत काय दिसते ते लिहून घ्यावे आणि त्यानंतरच डिस्क विकत घ्यावी.

त्याहीआधी संगणकात आज असलेल्या डेटाचा बॅकअप घ्यावा, आणि तो त्याच संगणकातल्या दुसऱ्या पार्टिशनवर (त्याच डिस्कच्या वेगळ्या भागावर) नव्हे, तर बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावा. नवी डिस्क फॉरमॅट करताना, म्हणजे पुसून वापरासाठी तयार करताना, चुकून जुनी निवडली जाणे हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे आणि त्यावर बॅकअपखेरीज भरवशाचा दुसरा इलाज नाही.

आधी पाहणी

संगणक शटडाउन करून भिंतीवरचे बटण बंद करावे, मागची पॉवर केबल ओढून काढावी आणि त्यानंतर समोरचे पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला विद्युतभार निघून जातो. बहुतेक कॅबिनेटमध्ये समोरून पाहिल्यास डाव्या हाताची बाजू उघडते. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करावा आणि काम चालू असताना अधूनमधून तो पुन्हा करावा. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिप खराब करायला ती पुरेशी असते. केबल हलवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवावेत. जोडणी पूर्ववत करायची वेळ आली, तर स्मरणशक्तीपेक्षा ते फोटो उपयोगी पडतात.

आता मदरबोर्डवर डिस्कसाठी कोणते सॉकेट आहे ते पाहावे: आयडीई ही जोडणीची जुनी पद्धत, साटा ही नवी. आयडीईचे सॉकेट लांबट असते, त्यात दोन ओळींत मिळून ४० पिनांची जागा असते आणि त्याला रुंद, चपटी केबल लागते. साटाचे सॉकेट अंगठ्याच्या नखाहून लहान असते, त्यात सात संपर्कपट्ट्या असतात आणि आतली प्लॅस्टिकची जीभ एका टोकाला काटकोनात वळलेली असते. साटा २००३ च्या सुमारास बाजारात आले आणि त्यानंतर काही वर्षे एकाच मदरबोर्डवर दोन्ही प्रकारची सॉकेटे मिळत असत. दोन्ही असतील तर विचार करण्याचे कारणच नाही, साटा डिस्कच घ्यावी. केवळ आयडीई असेल तर त्या प्रकारच्या नव्या डिस्क आता तयार होत नाहीत, आणि वापरलेल्या आयडीई डिस्कचे बहुतेक आयुष्य संपलेले असते. तेव्हा आयडीई सॉकेटला साटा डिस्क जोडून देणारा छोटा अ‍ॅडॉप्टर वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

याच वेळी पॉवर सप्लायमधून येणाऱ्या मोकळ्या तारा तपासाव्यात. साटा डिस्कला पंधरा संपर्कांचा चपटा पॉवर प्लग लागतो. तो नसेल आणि फक्त चार पिनांचा जुना मोलेक्स प्लग असेल, तर मधे जोडणीची केबल वापरता येते, पण ती निवडताना एक काळजी अवश्य घ्यावी: ज्या प्लगमध्ये तारा वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या अखंड गोळ्यात गाडलेल्या असतात तो टाळावा, कारण अशा प्लगच्या आत तारा एकमेकींना चिकटून तो तापल्याच्या आणि जळाल्याच्या तक्रारी वारंवार आलेल्या आहेत. प्रत्येक तार आपापल्या खाचेत स्वतंत्रपणे बसवलेली दिसते असा प्लग घ्यावा. ३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी १२ व्होल्टच्या तारेवर साधारण २ अँपिअर खेचते आणि मग तिची भूक बरीच कमी होते. त्यामुळे आधीच दोन-तीन डिस्क आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रात, पॉवर सप्लायही तितकाच जुना असेल, तर त्याचा विचार आधी करावा लागतो.

किती मोठी डिस्क घ्यावी

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर २ टीबी असे आहे, आणि त्यामागची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिली मर्यादा १३७ जीबीची आहे. जुन्या पद्धतीत डिस्कवरच्या सेक्टरचा (डेटा साठवण्याच्या छोट्या कप्प्याचा) पत्ता २८ बिटांत लिहिला जाई आणि प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा असे. दोहोंचा गुणाकार केला की सुमारे १३७ अब्ज बाइट येतात. पुढे ४८ बिटांचे पत्ते आले आणि ही अडचण मिटली, पण त्याआधीचे बायोस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) आणि सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा संच) न घातलेले मूळ विंडोज एक्सपी यांना त्यापलीकडची जागा कळत नाही. अशा यंत्रात मोठी डिस्क जोडली तर ती नुसती अपुरी दिसते एवढ्यावर भागत नाही, तर मर्यादेपलीकडे लिहिण्याच्या प्रयत्नात आधीचा डेटाही बिघडू शकतो. एक्सपी वापरायचेच असेल तर निदान पहिला सर्व्हिस पॅक त्यात आहे याची खात्री आधी करून घ्यावी.

दुसरी मर्यादा पार्टिशनच्या नोंदवहीची आहे. एमबीआर या जुन्या पद्धतीत सेक्टरचे आकडे ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरच्या हिशेबाने साधारण २.२ टीबीच्या पुढची जागा तिच्यात मांडताच येत नाही. त्याहून मोठ्या डिस्कसाठी जीपीटी पद्धत लागते. ३२ बिटांचे एक्सपी जीपीटी डिस्क वाचू शकत नाही. व्हिस्टापासून पुढची विंडोज ती डेटासाठी वापरू शकतात, पण तिच्यावरून विंडोज सुरू करायचे असेल तर जुने बायोस चालत नाही, त्याची नवी पिढी असलेले यूईएफआय लागते. २ टीबीची डिस्क घेतली की हा सगळा गुंता टळतो.

वेगाची चिंता मात्र करू नये. आजची ६ गिगाबिटची साटा डिस्क पहिल्या पिढीच्या १.५ गिगाबिटच्या सॉकेटलाही जोडता येते. तिथे सेकंदाला जास्तीत जास्त १५० एमबी जातात आणि फिरत्या डिस्कच्या रोजच्या वापरात ते कमी पडल्याचे क्वचितच जाणवते. यालाही एक अपवाद आहे. व्हीआयए कंपनीच्या व्हीटी८२३७ सारख्या काही जुन्या चिपना नव्या डिस्कशी वेग जुळवून घेता येत नाही आणि डिस्क मुळीच दिसत नाही. अशा मदरबोर्डसाठी, जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावून वेग १.५ गिगाबिटवर बांधता येतो अशीच डिस्क शोधावी लागते. ती सोय असल्यास तिची आकृती बहुधा डिस्कच्या लेबलवर दिलेली असते.

प्रत्यक्ष बसवताना

डिस्क नेहमी कडांना धरावी, खालच्या हिरव्या पट्टीला बोट लावू नये आणि टेबलावर ठेवतानाही आपटू देऊ नये. आवरणावर एक बारीक छिद्र असेल आणि ते झाकू नका असे लिहिलेले असेल तर त्यावर चिकटपट्टी किंवा लेबल लावू नये, कारण आतला आणि बाहेरचा हवेचा दाब त्यातून समान राहतो.

३.५ इंची कप्प्यांपैकी शक्यतो जुन्या डिस्कला लागून नसलेला आणि समोरच्या पंख्याचा वारा लागेल असा कप्पा निवडावा. दोन डिस्कमध्ये एक कप्पा रिकामा राहिला तर दोन्ही थंड राहतात. स्क्रू जाड आट्यांचे लागतात; सीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे स्क्रू दिसायला सारखेच असतात, पण ते जोर लावून फिरवले की डिस्कच्या भोकातले आटे कायमचे जातात. चारही स्क्रू आधी बोटांनी दोन-तीन फेरे फिरवून लावावेत आणि मग समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करावेत. दुसऱ्या बाजूचे दोन स्क्रू लावण्यासाठी कॅबिनेटची उजवी बाजूही उघडावी लागते आणि तो कंटाळा करून पुष्कळजण दोनच स्क्रूंवर भागवतात. डिस्क मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असते, तेव्हा हा कंटाळा करू नये.

साटाची जोडणी सोपी आहे. प्लग एकाच दिशेने बसतो, तो सरळ रेषेत दाबावा, वर-खाली हलवून बसवू नये, कारण डिस्कवरची प्लॅस्टिकची जीभ त्या ओढाताणीत तुटते आणि ती तुटली की दुरुस्ती अवघड होते. केबल काटकोनात मुडपू नये आणि झाकण लावल्यावर तिच्यावर ताण येणार नाही इतकी ती सैल ठेवावी.

आयडीईला अधिक लक्ष द्यावे लागते, कारण एका केबलवर दोन ड्राइव्ह असतात आणि त्यांतला मास्टर (पहिला) कोण आणि स्लेव्ह (दुसरा) कोण हे जंपरने ठरवायचे असते. ८० तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डला, काळे टोक मास्टरला आणि मधला करडा प्लग स्लेव्हला जातो. केबलवर एकच ड्राइव्ह असेल तर तो टोकाला जोडावा. मधल्या प्लगवर जोडून टोक मोकळे सोडले की संदेशात गडबड होते. केबलच्या एका कडेची लाल रेघ पहिली पिन दाखवते आणि बहुतेक डिस्कवर ती पॉवर प्लगच्या बाजूला येते. दोन्ही ड्राइव्हचे जंपर एक तर केबल सिलेक्टवर (केबलवरच्या जागेवरून क्रम आपोआप ठरतो त्या स्थितीत) ठेवावेत, नाही तर एक मास्टर आणि एक स्लेव्ह असे स्पष्ट लावावेत. दोघेही मास्टर राहिले तर बहुधा दोघेही दिसत नाहीत, आणि नवी डिस्क खराब निघाली असा समज होतो तो बऱ्याचदा यामुळेच.

पहिल्यांदा चालू करताना

झाकण न लावता, पण आतली प्रत्येक केबल पंख्यापासून दूर आहे हे पाहून संगणक चालू करावा आणि डिलीट किंवा एफ-२ दाबून थेट बायोसमध्ये जावे. तिथे नव्या डिस्कचा मॉडेल क्रमांक आणि क्षमता दिसली की मोठे काम झाले. दिसत नसेल तर डिस्कला हात लावून ती फिरते आहे का ते पाहावे. फिरत नसेल तर प्रश्न पॉवरचा आहे. फिरत असूनही दिसत नसेल तर डेटा केबल बदलून पाहावी, सॉकेट बदलावे आणि बायोसमध्ये ते सॉकेट बंद करून ठेवलेले नाही ना हे तपासावे.

डिस्क दिसते, पण संगणक विंडोज सुरू न करता ‘डिस्क बूट फेल्युअर’ असे म्हणतो, ही स्थिती घाबरवणारी असली तरी किरकोळ आहे. जुन्या बायोसमध्ये बूटचा, म्हणजे संगणक कशावरून सुरू व्हावा याचा, एकूण क्रम वेगळा आणि हार्ड डिस्कचा आपसातला क्रम वेगळ्या यादीत असतो, आणि नवी डिस्क आल्यावर ती कोरी असूनही कधी कधी त्या यादीत वर जाऊन बसते. जुनी डिस्क पुन्हा वर आणावी आणि सेव्ह करून बाहेर पडावे.

बायोसमध्ये साटाचा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) आयडीई की एएचसीआय असा पर्याय दिसल्यास तो मुळीच बदलू नये. आधीचे विंडोज ज्या मोडमध्ये बसवलेले असते त्याचाच ड्रायव्हर ते सुरुवातीला लोड करते, आणि तयारी न करता मोड बदलला तर निळा पडदा येतो. इथेच जुन्या यंत्रातल्या एका वेगळ्या दोषाचा संबंध येतो: मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असेल तर पॉवर केबल काढल्याबरोबर घड्याळ आणि सगळ्या सेटिंग मूळ स्थितीला जातात, आणि मोड आपण न बदलताही बदलतो. तारीख चुकीची दिसली तर ही बॅटरी आधी बदलावी. पाहणीच्या वेळी बायोसच्या पडद्यांचेही फोटो काढून ठेवलेले असतील तर अशा वेळी त्यांवरून सगळे पुन्हा भरता येते.

फॉरमॅट

विंडोज सुरू झाल्यावर माय कॉम्प्युटरवर उजवी क्लिक करून मॅनेज आणि त्यात डिस्क मॅनेजमेंट उघडावे. नवी डिस्क इनिशियलाइझ करायची (तिच्यावर पार्टिशनची नोंदवही तयार करायची) का असे विचारले जाईल. २ टीबीपर्यंत एमबीआर निवडावे. यापुढे प्रत्येक क्लिकच्या आधी डिस्कचा आकार वाचावा. डिस्क ०, डिस्क १ या क्रमांकांवर विसंबू नये, कारण सॉकेटप्रमाणे ते बदलतात. नव्या डिस्कची ओळख म्हणजे तिचा आकार आणि संपूर्ण काळी, अनअ‍ॅलोकेटेड (न वाटलेली जागा) लिहिलेली पट्टी. २ टीबीची डिस्क तिथे साधारण १८६३ जीबी, म्हणजे १.८१ टीबी, दिसते, ती फसवणूक नव्हे: उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या.

एक्सपी वापरणाऱ्यांनी मात्र पार्टिशन एक्सपीमध्ये करू नये. ते पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, आणि आजच्या डिस्क आतून ४०९६ बाइटचे सेक्टर वापरत असल्यामुळे प्रत्येक लिखाण दोन सेक्टरांवर विभागले जाऊन वेग बराच घटतो. तीच डिस्क विंडोज ७ असलेल्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या लिनक्सवर पार्टिशन करून आणली की ही अडचण राहत नाही.

फॉरमॅट करताना क्विक हा पर्याय काढून टाकावा असे मी सुचवेन. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट डिस्कच्या प्रत्येक जागेवर लिहिते, त्यामुळे त्याला कित्येक तास लागतात, पण वाईट सेक्टर असतील तर ते डेटा ठेवण्यापूर्वीच उघडे पडतात. ते झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या नोंदी) पाहावी. रिअ‍ॅलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टरांचे आकडे शून्य असायला हवेत. नव्या डिस्कवर ते शून्य नसतील तर ती बदलून मागावी. सीआरसी एररचा (डेटा पाठवताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून डेटा केबलचा असतो. मोठ्या फाइल कॉपी होत असताना तापमानही बघावे, आणि ते ५० अंश सेल्सिअसच्या वर राहत असेल तर झाकण कायमचे लावण्यापूर्वी डिस्क दुसऱ्या कप्प्यात हलवावी किंवा समोरच्या पंख्याची धूळ काढावी.