बदलाचा सरासरी दर, मध्य आणि मध्यक कसे काढावेत

बदलाचा सरासरी दर काढण्यासाठी शेवटच्या किमतीतून सुरुवातीची किंमत वजा करावी आणि आलेल्या फरकाला मधल्या कालावधीने भागावे.

समजा, भांड्यातले गरम पाणी निवत आहे. सुरुवातीला त्याचे तापमान ९० अंश सेल्सिअस होते. ते ५ मिनिटांनी ७०, १५ मिनिटांनी ५० आणि ३० मिनिटांनी ३५ अंशांवर आले. पूर्ण अर्ध्या तासासाठी (३५ − ९०) ÷ ३० = −१.८३, म्हणजे तापमान मिनिटाला सरासरी १.८३ अंशांनी उतरले. उणे चिन्ह घट दाखवते, म्हणून ते गाळू नये, एककही लिहावे.

आता तिन्ही टप्प्यांचे दर वेगवेगळे काढले, तर ते अनुक्रमे −४, −२ आणि −१ येतात. पाणी आधी भराभर आणि नंतर सावकाश निवले, हे एकट्या −१.८३ वरून कळले नसते. मात्र या तीन दरांची बेरीज करून तिला ३ ने भागण्याचा मोह आवरावा, कारण तसे केल्यास −२.३३ हे चुकीचे उत्तर मिळते. पहिला टप्पा ५ मिनिटांचा आणि तिसरा १५ मिनिटांचा असताना दोघांना सारखे वजन देता येत नाही. प्रत्येक दराला त्याच्या कालावधीने गुणावे, गुणाकारांची बेरीज (−५५) घ्यावी आणि तिला ३० ने भागावे, मग −१.८३ हेच उत्तर येते. यालाच भारित सरासरी म्हणतात.

साध्या निरीक्षणांसाठी मध्य, म्हणजे बेरीज भागिले संख्या, पुरतो असे वाटते. एकच अंतर चालायला पाच दिवस १२, १४, १४, १५ आणि ३५ मिनिटे लागली, तर मध्य ९० ÷ ५ = १८ येतो; पण पाचपैकी चार दिवस त्याहून कमी वेळ लागला आहे. म्हणून निरीक्षणे चढत्या क्रमाने लावून मधले, म्हणजे मध्यक १४, घ्यावे. येथे बहुलक, म्हणजे सर्वाधिक वेळा आलेले निरीक्षण, तेही १४ च आहे. निरीक्षणांची संख्या सम असल्यास मधल्या दोहोंची सरासरी घ्यावी.

विखुरण, म्हणजे निरीक्षणे मध्यापासून किती पसरली आहेत, ते मोजण्यासाठी प्रत्येक निरीक्षणातून मध्य वजा करावा, फरकांचे वर्ग करून त्यांची बेरीज (३६६) ५ ने भागावी आणि वर्गमूळ काढावे. या मापाला प्रमाण विचलन म्हणतात; येथे ते सुमारे ८.५६ मिनिटे येते. ही पाच निरीक्षणे मोठ्या समूहाचा नमुना असतील, तर ५ ऐवजी ४ ने भागावे. मग ते ९.५७ होते. मोठ्या विचलनाचे कारण ३५ हे एकच निरीक्षण आहे. ते वगळण्यापूर्वी नोंद चुकली की त्या दिवशी खरोखरच उशीर झाला, हे तपासावे.