सीमापार पर्यावरण करारात आदिवासींचा सहभाग: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक अगदी सुरुवातीला होते. दोन्ही सरकारं आधी मसुदा ठरवतात आणि मग आदिवासी प्रतिनिधींना ‘सूचना द्या’ म्हणून बोलावतात. तोवर कळीचं सगळं ठरून गेलेलं असतं.

कोलंबिया नदीचा करार बघा. १९६१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सह्या केल्या त्या पूरनियंत्रण आणि वीज या दोनच गोष्टींसाठी. खोऱ्यातल्या आदिवासी राष्ट्रांना (तिथे आदिवासी समाजांना ‘राष्ट्र’ म्हणतात) कुणी विचारलंच नाही आणि ज्या सॅमन माशावर त्यांचं जगणं उभं होतं, त्याला करारात जागा मिळाली नाही. फेरवाटाघाटी २०१८ मध्ये सुरू झाल्या. पुढच्या वर्षीपासून कॅनडातल्या क्टुनाहा, सेक्वेपेम आणि सिल्क्स ओकानागन या राष्ट्रांचे प्रतिनिधी त्यात निरीक्षक म्हणून बसू लागले. २०२४ च्या तत्त्वतः सहमतीत नदीच्या परिसंस्थेची बाजू मांडणाऱ्या, आदिवासींच्या नेतृत्वाखालच्या मंडळाची तरतूद आली. साठ वर्षं उशिरा! म्हणून पहिली बैठक विषयपत्रिका ठरवण्यासाठीच घ्या, आणि तीही त्यांच्यासोबत.

खुर्ची दिली, अधिकार नाही

१९९६ मध्ये स्थापन झालेल्या आर्क्टिक परिषदेत, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या आठ देशांच्या व्यासपीठावर, आदिवासींच्या सहा संघटना ‘कायम सहभागी’ आहेत. निर्णयाचा अधिकार मात्र आठ देशांकडेच आहे; ते या संघटनांशी सल्लामसलत करून निर्णय घेतात. माझ्या मते याहून पुढचं पाऊल अमेरिका-रशिया ध्रुवीय अस्वल करारात दिसतं: संयुक्त आयोगावर प्रत्येक देशाकडून एक सरकारी आणि एक आदिवासी सदस्य. १९८८ मध्ये तर कॅनडाचे इनुविआलुइट आणि अलास्काचे इनुपियाट या आदिवासी समाजांनी ब्युफोर्ट समुद्रातल्या अस्वलांच्या शिकारीबाबत आपसातच करार केला.

पहिल्या बैठकीला आले, नंतर येईनासे झाले?

‘त्यांना रस नाही’ असा शेरा मारण्याआधी तारीख तपासा. बैठक ऐन मासेमारीच्या किंवा रेनडिअर हलवण्याच्या हंगामात ठेवली होती का? कागदपत्रं दोन दिवस आधी, तीही फक्त सरकारी भाषेत पाठवली होती का? प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी कोण देणार होतं? व्हिसाची सोय होती का?

एकाची सही म्हणजे सगळ्यांची संमती नव्हे

सामी हे आदिवासी लोक नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियात राहतात. पहिल्या तीन देशांत त्यांच्या स्वतंत्र सामी संसदा आहेत. एका बाजूच्या होकाराने दुसरी बाजू बांधली जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात कलम ३२ मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती (म्हणजे दबावाशिवाय, आधीच आणि पूर्ण माहिती घेऊन दिलेली) सांगतं, तीही समाजाच्या स्वतःच्या प्रतिनिधी संस्थांमार्फत. कलम ३६ सीमेने विभागलेल्या समाजांना एकमेकांशी संबंध आणि सहकार्य ठेवण्याचा हक्क देतं. त्यामुळे पलीकडच्या भाऊबंदांशी बोलायला लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरा.

माहिती घेतली आणि छापून टाकली

पवित्र जागा किंवा औषधी वनस्पतींचे नकाशे एकदा जाहीर झाले की परत घेता येत नाहीत. नोंदी करण्याआधीच लेखी ठरवा: माहिती कुणाच्या ताब्यात राहील, काय कधीच प्रसिद्ध होणार नाही, आणि समाजाने मागितली तर सर्व प्रती त्यांना कशा परत मिळतील.