दक्षिणेत बिऱ्हाड मांडताना: अटलांटाकडे नव्याने येणाऱ्यांसाठी

अटलांटाकडे नोकरी लागली की पहिल्या महिन्यातले प्रश्न ठरलेले: सोशल सिक्युरिटी नंबर, गाडीचं लायसन्स, कढीपत्ता कुठे मिळतो. त्यांची उत्तरं मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पाच मिनिटांत मिळतात. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. तुम्ही ज्या वस्तीत घर घ्याल, मुलं ज्या शाळेत जातील, तिथे गुलामगिरीचा आणि वर्णभेदाचा हिशेब अजून मिटलेला नाही. तो ठाऊक नसला की माणूस रिअल्टरपुढे (घरांच्या दलालापुढे), शाळेत, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर नको ते बोलून बसतो.

सुरुवात आपल्या व्हिसापासून करू. १९२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं: वर्षाला १०० भारतीय. ते खऱ्या अर्थाने उघडलं ते ३ ऑक्टोबर १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, म्हणजे काळ्या नागरिकांचा मतदानहक्काचा कायदा ६ ऑगस्टला सही होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा. त्यांनी डोकी फोडून घेऊन ‘वंशावरून माणसाची प्रतवारी करू नये’ हे तत्त्व देशाच्या गळी उतरवलं नसतं, तर देशवार कोट्याची ती पद्धत इतक्या लवकर मोडली नसती. तेव्हा ‘आम्ही कुणाच्या मदतीशिवाय, फक्त अभ्यासावर आलो’ हे वाक्य काळ्या सहकाऱ्यापुढे टाकू नका.

कॅलेंडर आधी लक्षात ठेवा. जानेवारीचा तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंग यांचा. बँक, पोस्ट आणि सरकारी कार्यालयं बंद, खासगी ऑफिसं बरीचशी चालू. १९ जून म्हणजे जूनटीन्थ, गुलामांच्या मुक्तीचा दिवस. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, पण तो बंडखोर राज्यांपुरता, आणि तिथेही फौज पोचेल तिथेच खरा. टेक्ससमध्ये गॅल्व्हस्टनला तो हुकूम १९ जून १८६५ ला वाचला गेला. १८६० च्या जनगणनेत या देशात ३९ लाखांवर माणसं गुलाम म्हणून नोंदलेली होती, हा आकडा ठेवला की अडीच वर्षांच्या उशिराचा अर्थ कळतो. ही सुट्टी देशभर झाली २०२१ मध्ये. त्या दिवशी ‘हॅपी फोर्थ ऑफ जुलै’च्या थाटात सेलचे फॉरवर्ड पाठवू नयेत, एवढं तारतम्य पुरे.

आता घर. रिअल्टरला विचारलंत की ‘एरिया चांगला आहे ना? इथे आपले लोक किती?’ तर तो विषय बदलेल. तो उद्धट नाही. किंग यांच्या खुनानंतर आठवडाभरात, ११ एप्रिल १९६८ ला सही झालेल्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदा ठरवलं आहे. तुमच्या निरागस वाटणाऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याचं लायसन्स घालवू शकतं. शाळेच्या हद्दीचा नकाशा काउंटीच्या साइटवर बघा, गुन्ह्यांची नोंद पोलिसांच्या साइटवर. मग एका कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता त्या गल्लीतून स्वतः चालून या.

१९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले होते: हिरवा, निळा, पिवळा, लाल. काळी वस्ती असली की जवळपास हमखास लाल, आणि लाल म्हणजे कर्ज मिळणं मुश्कील. युनिव्हर्सिटी ऑफ रिचमंडने ते नकाशे ऑनलाइन ठेवले आहेत. अटलांटाचा उघडून आजच्या घरांच्या किमतींशेजारी ठेवा. ‘त्या भागात लोकांनी घरं नीट राखली नाहीत’ असं जे ऐकू येतं, त्यातला बराच भाग तिथेच उलगडतो. शहराच्या मधून जाणारा आय-७५/८५ चा कनेक्टर काळ्या व्यापाऱ्यांच्या ऑबर्न अव्हेन्यूला चिरून गेला आहे. रोज त्यावरून ऑफिसला जाताना हे दिसत नाही, खाली उतरून चाललं की दिसतं. जुनं घर घेत असाल तर टायटल कंपनीकडून (घराच्या मालकीची कागदपत्रं तपासणारी) करारातल्या अटींची पूर्ण प्रत मागा. कधी कधी त्यात ‘गोऱ्यांशिवाय कुणी राहू नये’ अशी अट अजून छापलेली सापडते. १९४८ पासून कुठलंही कोर्ट ती बजावू शकत नाही, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा राज्यांत ती रद्द केल्याची नोंद करून घेता येते.

शब्दांचं जरा जपून. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतला ‘निग्रो’ इथे तोंडातून काढायचा नाही. ‘ब्लॅक’ किंवा ‘आफ्रिकन अमेरिकन’ म्हणा. घरात मराठीत सहज ‘काळ्या’, ‘कल्लू’ म्हणाल, तर सहा वर्षांचं पोर ते शाळेत सुरासकट घेऊन जातं. मंडळाच्या नाटुकल्यात किंवा फॅन्सी ड्रेसमध्ये कुणाच्या तोंडाला काळा रंग फासू नका. इथे त्यामागे गोऱ्या नटांनी काळ्यांची टर उडवण्याची शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे आणि फोटो कायमचा राहतो. लग्नासाठी ‘प्लांटेशन’ दाखवायला इव्हेंटवाले उत्सुक असतात, पांढरे खांब, ओकची रांग. ते ज्या गुलामांच्या कष्टावर उभं राहिलं त्यांच्या खोल्या बहुतेक मागच्या बाजूला होत्या.

फेब्रुवारीत शाळेत ब्लॅक हिस्टरीचा प्रकल्प येतो. पाचवी-सहावीतल्या मराठी मुलाला आयता विषय आहे: जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळे अमेरिकन विचारवंत ड्युबॉइस यांना लिहिलेलं पत्रही आहे. ते ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात ऑनलाइन वाचता येतं. मुलं हे घेऊन गेली की शिक्षिकाच जास्त प्रश्न विचारतात.

दोन ऑक्टोबरच्या भाषणांत हमखास येतं, की ‘अहिंसा त्यांना आपण शिकवली’. गांधींचा प्रभाव खरा आहे. पण अलाबामातल्या माँटगोमरी शहरात काळ्यांनी बसवर घातलेला बहिष्कार प्रवचनावर चालला नाही, तो वाहतूक खात्यासारखा चालवला गेला.

तिथल्या बसमध्ये ३६ जागा, पुढच्या १० गोऱ्यांसाठी राखीव, रिकाम्या असल्या तरी. काळ्या माणसाने पुढून चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं, मागच्या दाराने चढायचं. मधल्या वेळात ड्रायव्हर गाडी घेऊन निघूनही जाई. गुरुवारी, १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांना अटक झाली. त्या राखीव जागेवर नव्हत्या, मधल्या भागातल्या पहिल्या रांगेत होत्या. एका गोऱ्यासाठी अख्खी रांग, म्हणजे चौघांनी उठायचं होतं. तिघं उठले. त्याच रात्री तिथल्या प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी कॉलेजच्या मशीनवर बहिष्काराची हजारो पत्रकं छापली. सोमवारी बसगाड्या रिकाम्या धावल्या. सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी काळे होते, म्हणून कंपनीला ते झोंबलं.

मग खरी कसोटी: रोज हजारो माणसं कामावर पोचवायची कशी? टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये नेलं. शहराने किमान ४५ सेंटच्या नियमाचा बडगा उगारला. मग सुमारे ३०० खासगी गाड्या, ठरलेले थांबे, चर्चच्या नावावर घेतलेल्या स्टेशनवॅगन. पुढे त्यांचा विमा रद्द होऊ लागला, तेव्हा तो लंडनच्या लॉइड्सकडून घेतला. १९२१ चा बहिष्कारबंदीचा कायदा काढून ८९ जणांवर खटले भरले. नोव्हेंबर १९५६ मध्ये गाड्यांच्या या व्यवस्थेवरच कोर्टाची बंदी आली, आणि नेमक्या त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. ३८१ दिवस. बसमध्ये परत चढण्याआधी चर्चमध्ये खुर्च्या मांडून तालमी झाल्या: कुणी ढकललं तर ढकलायचं नाही, शिवी दिली तर उलट शिवी द्यायची नाही.

डिसेंबरातली ती बातमी नागपूरच्या पेपरात वाचणारा एक तरुण होता जेम्स लॉसन, हिस्लॉप कॉलेजमध्ये शिकवणारा काळा अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी. (नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती, हे आपल्या मुलांना सांगून बघा.) परत गेल्यावर त्याने नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. काळ्यांना न वाढणाऱ्या लंच काउंटरवर बसण्याची ती तालीम होती: काही जण काउंटरवर बसायचे, बाकीचे त्यांचे केस ओढायचे, तोंडावर धूर सोडायचे. नियम लेखी होते: ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, दार अडवू नका, नेत्याने सांगितल्याशिवाय उठू नका. १९६० च्या १० मे पासून तिथली काउंटरं काळ्यांना खुली होऊ लागली.

अपयशही वाचा, आणि ते आपल्याच जॉर्जियातलं आहे. १९६१-६२ मध्ये ऑल्बनीतल्या आंदोलनात मागण्या फार पसरट ठेवल्या गेल्या. तिथला पोलीसप्रमुख हुशार निघाला: कॅमेऱ्यासमोर लाठी नाही, आणि आजूबाजूच्या काउंट्यांतले तुरुंग आधीच बोलून ठेवलेले, त्यामुळे तुरुंग भरण्याचं हत्यार बोथट झालं. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये आंदोलकांनी नेम डाउनटाउनच्या दुकानांच्या कमाईवर धरला.

हे सगळं एका शनिवार-रविवारात बघता येतं. आय-८५ ने माँटगोमरी सुमारे १६० मैल. अलाबामात घड्याळ एक तास मागे जातं, फोन आपोआप बदलतो, गाडीचं घड्याळ बदलेलच असं नाही. लेगसी म्युझियमचं (गुलामगिरी आणि वर्णभेदाच्या इतिहासाचं) तिकीट आधी काढा, तीन तास धरा. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना आत नेऊ नये असं आमचं मत. टेकडीवरच्या स्मारकात ८०० हून जास्त पोलादी स्तंभ आहेत, एकेका काउंटीचा एक, त्यावर झुंडबळींची नावं. सुरुवातीला ते डोळ्यांसमोर असतात. जमीन हळूहळू उतरत जाते आणि स्तंभ तिथेच राहतात, शेवटी मान वर करून नावं वाचावी लागतात. तुमची काउंटी शोधा, जॉर्जियातली बहुतेक सापडते.

सेल्मा तिथून ५४ मैल, यूएस-८० ने. एडमंड पेटस पुलावर गाडीतून न जाता पायी जा. पूल मधे उंच आहे, पलीकडचं टोक चढ संपेपर्यंत दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला मतदानहक्कासाठी मोर्चाने निघालेल्या सुमारे ६०० माणसांना पोलिसांचे घोडेस्वार आणि लाठ्या दिसल्या त्या माथ्यावर पोचल्यावरच.

खाण्याचं: ‘व्हेजिटेबल प्लेट’ म्हटलं तरी पालेभाजी आणि शेंगा बऱ्याचदा डुकराच्या हाडाबरोबर शिजवलेल्या असतात, विचारून घ्या किंवा दशम्या बांधून न्या. रविवारी बर्मिंगहॅमला केली इनग्रॅम पार्क आणि समोरचं चर्च, जिथे १५ सप्टेंबर १९६३ ला बॉम्बने चार मुली गेल्या. परतीला आय-२० ने सुमारे १५० मैल, आणि शनिवारी जाताना मिळालेला तास परत जातो. सोमवारी ऑफिस असेल तर तीनच्या आत निघा.