जॅकार्डच्या कार्डात अर्धवट पडणारी भोकं: माझा अनुभव

जॅकार्ड मागावर ताण्याचा (उभा) कोणता धागा वर उचलायचा, ते पुठ्ठ्याच्या कार्डातली भोकं ठरवतात. प्रत्येक आडव्या धाग्याला तोच एक ताण्याचा धागा खाली राहत असेल तर कार्ड चाचपणारी सुई किंवा धागा उचलणारा हूक बघा. पण चूक नक्षीच्या दर फेरीला त्याच जागी येत असेल, तर ते कार्ड उजेडासमोर धरा. भोकात पुठ्ठ्याची चकती लोंबत असते. ती सुईला मागे ढकलते, हूक त्याला उचलणाऱ्या सुरीच्या (पट्टीच्या) वाटेतून बाजूला होतो आणि धागा खालीच राहतो.

पियानो मशीनवर, म्हणजे कळा दाबून कार्डात भोकं पाडायच्या यंत्रावर, त्या भोकाच्या कळीचा पंच (भोक पाडणारी दांडी) काढला. टोकाची कड गोलावली होती. बारीक ऑइलस्टोनवर (धार लावायच्या दगडावर) सपाट घासली. पंच ज्या भोकांत उतरतो त्या खालच्या डाय-प्लेटमधला भुगा पितळी तारेने काढला. पोलादी टाचणी मुळीच नको, कड बिघडते. पावसाळ्यात पुठ्ठा ओलसर असला की धारदार पंचही चकती साफ तोडत नाही, म्हणून कार्डं आधी सुकवायची. नव्याने पाडलेलं कार्ड चांगल्या कार्डावर ठेवून, कार्ड जागेवर धरणाऱ्या खुंटीची भोकं जुळतात का, तेही पाहिलं.