टपावरच्या क्रॉसबारची शिट्टी: या चुका टाळा

दिवाळीत पुणे-कोल्हापूरला जायचं म्हणून बडोद्यातल्या कितीतरी एसयूव्हींच्या टपावर क्रॉसबार, म्हणजे सामानासाठीचे दोन आडवे दांडे, किंवा कॅरियर चढतं. शहरात ४०च्या वेगाला काहीच जाणवत नाही. हायवेला काटा ८०च्या पुढे गेला की शिट्टी किंवा एकसुरी घूंऽऽ सुरू होते आणि पुढचे चार तास डोकं उठतं. हा आवाज बहुतेक वेळा घालवता येतो, आणि तोही फार पैसे न घालवता.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आवाज कुठून येतो ते न बघता थेट फेअरिंग, म्हणजे पुढच्या बारला लावायची वाऱ्याची पट्टी, विकत घेणं. आधी दोन्ही बार पूर्ण काढा आणि गाडी चालवून बघा. आवाज तरीही येत असेल तर दोष दाराच्या रबरात, पुढच्या काचेच्या बीडिंगमध्ये किंवा आरशाच्या बुडाशी आहे; कॅरियरवर खर्च करून उपयोग नाही. चाचणीसाठी अहमदाबाद एक्सप्रेसवेचा बडोदा ते आणंद हा सरळ, सपाट पट्टा उत्तम. काचा, सनरूफ, एसीचा पंखा, गाणी सगळं बंद. वेग एकच धरा, समजा ९०. ऐकायचं काम शेजारी बसलेल्यानं करायचं, चालवणाऱ्यानं नाही. आणि जाताना-येताना दोन्ही वेळा ऐका. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर ८०ला चालणाऱ्या गाडीच्या टपाला १००चा वारा लागतो, परतताना तोच ६०चा होतो. एकाच बाजूनं ऐकून ‘आवाज गेला’ म्हणणारे इथेच फसतात.

आता आवाजाचा प्रकार ओळखा. एकसुरी, जाडसर घूं येत असेल तर तो बारच्या आकारामुळे येतो. वारा गोल दांड्यावरून जाताना मागे एकदा वरून, एकदा खालून भोवरे सुटतात. १८७८मध्ये चेक शास्त्रज्ञ स्ट्रोहाल यांनी दाखवलं की अशा आवाजाचा सूर वाऱ्याच्या वेगावर आणि दांड्याच्या जाडीवर ठरतो. ३० मिलिमीटर जाडीच्या गोल बारला ६०च्या वेगाला सेकंदाला साधारण ११० भोवरे सुटतात, १००ला साधारण १८५. म्हणून वेग वाढला की सूर चढतो. बारीक, तीक्ष्ण शिट्टी मात्र जवळपास नेहमीच फट, भोक किंवा उघड्या खाचेची असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसंच. खडखड येत असेल तर वाऱ्याला दोष देऊ नका, बारच्या पायाखालचं (बार टपाला जोडणाऱ्या भागाखालचं) रबर निसटलंय किंवा बोल्ट सैल आहे.

घूं घालवायचा तर आधी बारची दिशा बघा. विमानाच्या पंखासारख्या आकाराच्या बारची जाड, गोलसर कड पुढे आणि निमुळती कड मागे हवी. उलटे बसवलेले बार सर्रास दिसतात, कारण बसवणाऱ्याला दोन्ही कडा सारख्याच वाटतात. बार साधा गोल असेल तर ३-४ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी त्यावर स्क्रूच्या आट्यांसारखी तिरकी, दर १२-१५ सेंटिमीटरला एक वेढा अशी घट्ट गुंडाळा आणि दोन्ही टोकं झिप टायनं आवळा. त्यामुळे भोवरे एका लयीत सुटत नाहीत आणि सूर मोडतो. गाडीच्या काडीसारख्या अँटेनावर जी उंचवट्याची, तशीच वेढे घेणारी रेघ असते, ती याचसाठी.

शिट्टीसाठी मास्किंग टेप हाच खरा डॉक्टर. बारच्या वरची लांब खाच, टोकाची झाकणं, पायाजवळची फट, प्रत्येक जागा वेगवेगळी झाकून त्याच वेगाला ऐका. एकदम सगळं झाकलं तर दोषी कोण ते कळणार नाही. बहुतेकदा खाचच निघते: तिच्यातली रबरपट्टी सामान लावताना काढली जाते आणि परत बसत नाही. ती बसवतानाही एक चूक हटकून होते. पट्टी ओढून, ताणून बसवतात. आठवड्याभरात ती आकसते आणि टोकाला बोटभर फट पडते. खाचेला साबणाचं पाणी लावा, पट्टी ढकलत बसवा आणि ५ मिलिमीटर जास्त ठेवूनच कापा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर कडक होतं, त्यामुळे जूनच्या आत एकदा तपासा.

फॅब्रिकेटरकडून बनवलेलं पाइपचं कॅरियर असेल तर पाइपांची उघडी तोंडं आधी बघा. प्लास्टिकचे प्लग घाला. वापरात नसलेली बोल्टची भोकं सिलिकॉननं बुजवा, पण पाणी निथळायचं खालचं भोक ठेवा, नाहीतर पाइप आतून गंजेल.

पुढचा बार विंडशील्डच्या कडेच्या फार जवळ असेल तर तिथून उसळणारा वेगवान वारा थेट त्यावर आदळतो. बार टपाच्या कडेच्या रेलवर सरकवता येत असेल तर एकेका वेळी ५ सेंटिमीटर मागे घ्या आणि ऐका. दोन बारांमधलं किमान अंतर मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं राहिलंच पाहिजे. सनरूफ उघडताना काच बारला लागत नाही ना, हेही हातानं तपासा. एवढं करूनही घूं राहिला तर फेअरिंग घ्या. तिची खालची रबरी कड पूर्ण लांबीभर टपाला टेकलेली हवी. खाली फट राहिली तर तीच नवी शिट्टी.

उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, आणखी एक कारण हमखास सापडतं: बारच्या पायाशी अडकलेला मांजा, कधी पतंगाच्या कागदासकट. फडफड आणि बारीक सूं असा मिश्र आवाज येतो. ओढू नका, काचेच्या भुकटीनं रंगावर ओरखडे येतात आणि बोटंही कापतात. हातमोजे घालून कात्रीनं तुकडे करून काढा.

सामान आवळायचा सपाट पट्टा भुणभुणतो, कारण त्याची रुंद बाजू वाऱ्यात थरथरते. बांधतानाच दर फूटभर अंतरावर एक पीळ द्या, आणि उरलेलं शेपूट बारला गुंडाळून गाठ मारा.

शेवटी खरं सांगायचं तर रिकाम्या टपासारखं शांत काहीच नाही. महिनोन्‌महिने सामान लादायचं नसेल तर बार काढून ठेवा, मायलेजही सुधारेल. पाय काढताना डावा-उजवा, पुढचा-मागचा अशी मार्कर पेननं खूण करा, म्हणजे पुन्हा लावताना ते अदलाबदल होऊन फट पडायची नाही.