वारीत पाय कसे सांभाळावेत आणि सोबती कसे जोडावेत

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. कस लागतो तो सुरुवातीलाच, कारण आळंदी–पुणे आणि दिवेघाट चढून पुणे–सासवड हे दोन्ही टप्पे तीस किलोमीटरच्या आसपास आहेत. पहिल्यांदा येणारे बरेच जण दुखणं गिळून चालत राहतात. वारीत दुखणारा पाय लपवू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्याला तुम्ही पाय दाखवता, तोच पुढे तुमचा सोबती होतो.

निघण्याआधी

दोन महिने आधीपासून चालायला लागा आणि हळूहळू अंतर वाढवा. नवे बूट वारीत पहिल्यांदा घालू नका. दिवसभर चालून पाय सुजतात, म्हणून बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नखं आडवी, सरळ कापा. सुती मोजे घाम धरून ठेवतात. लवकर वाळणारे घ्या आणि एक कोरडा जोड पिशवीत वरच ठेवा.

एकट्याने निघण्यापेक्षा दिंडीत नाव नोंदवा. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की जेवण, मुक्काम आणि ट्रकमध्ये सामान ठेवण्याची सोय होते. पाठीवर ओझं कमी तर टाचांवरही कमी.

रस्त्यावर

फोड एकदम येत नाही. आधी त्या जागी चुरचुरतं. घर्षण, घाम आणि उष्णता एकत्र आली की कातडीचे थर सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. म्हणून चुरचुरायला लागल्याबरोबर पुढच्या विसाव्याची वाट न पाहता रस्त्याच्या कडेला बसा, पाय पुसा, खडा झटका आणि त्या जागी कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा. दिंडी पुढे जाईल, पण फार लांब जात नाही. शेजारच्याला सांगून थांबा. तो बहुतेक थांबतोच.

छोटा फोड फोडू नका, नुसता झाका. मोठा, ताणलेला असेल तर हात धुवा, सुई स्पिरिटने पुसा, कडेला बारीक टोचून पाणी काढा. वरची कातडी ओढू नका, तीच खालच्या ओल्या भागाचं रक्षण करते. जंतुनाशक मलम आणि स्वच्छ पट्टी लावा. मधुमेह असेल तर यातलं काहीही स्वतः करू नका. पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून रोज तळवे कुणाकडून तरी बघून घ्या आणि अनवाणी चालू नका. वाटेत आरोग्य पथकं असतात. हाडावर एकाच ठिकाणी बोट दाबलं की कळ येते आणि ती रोज वाढते आहे, असं झालं तर चालणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मुक्कामावर

पाय धुऊन बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा. मग झोपण्याआधी थोडा वेळ पाय पिशवीवर उंच ठेवा. पालात कुणी आजी तेलाची बाटली घेऊन बसलेल्या असतात. तेल फोडाला नको, पोटऱ्यांना चालेल. नंतर बाटली तुम्ही घ्या आणि त्यांच्या पोटऱ्या चेपा. घोट्यापासून गुडघ्याकडे, अंगठ्याने हलका दाब देत. असं करता करता त्या बोलायला लागतात: नातवाचं, विहिरीच्या पाण्याचं, गेलेल्या माणसाचं.

ओळख काढायला आडनाव विचारू नका, गाव विचारा. "माउली, तुमच्याकडं पाऊस कसाय? पेरणी झाली का?" हा ज्येष्ठ-आषाढातला खरा प्रश्न आहे, बरेच वारकरी पेरणी उरकून किंवा घरच्यांवर सोपवून आलेले असतात. फोटो नंतर काढा. पंगतीत वाढायला उभे राहा, पाण्याची बादली उचला, अभंग येत नसला तर ध्रुवपद धरा. सगळ्यांशी बोलत फिरण्याची गरज नाही. रोज त्याच ओळीत चाललात तर दोन-तीन माणसं आपोआप तुमची चाल ओळखतात आणि ती बिघडली की तुमच्याआधी त्यांनाच कळतं.

पंढरपुरात चंद्रभागेत उतरताना जखम उघडी असेल तर पाय पाण्यात बुडवू नका, डोक्यावर पाणी घ्या. निघण्याआधी फोन नंबरासोबत दिंडीचा क्रमांकही लिहून घ्या, पालखीच्या रथापुढची की रथामागची ते धरून. नंबर बदलतात, पण त्या क्रमांकावरून पुढच्या वर्षी माणूस सापडतो.