नेटवाला गेल्यावर राउटरमध्ये काय काय बदलायचं

फायबरची जोडणी देणारा टेक्निशियन दिवे हिरवे झाले, मोबाइलवर स्पीड दाखवला की निघतो. वायफायचा पासवर्ड म्हणून तो बहुतेक वेळा तुमचाच मोबाइल नंबर टाकतो आणि राउटरच्या सेटिंग पानाचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच राहतो. ही दोन वेगळी कुलुपं आहेत. वायफायचं कुलूप पुष्कळजण बदलतात. दुसरं आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं, आणि मोठं नुकसान त्या दुसऱ्यातून होतं.

तो घरात असतानाच दोन गोष्टी करून घ्या. पहिली जागेची. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाजवळ किंवा फ्रिजवर राउटर नको. घराच्या मध्याकडे, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर हवा. आत येणारी फायबरची बारीक वायर काटकोनात दुमडू देऊ नका. आत काच असते, वळण सैल ठेवा. हिरव्या टोकाची पिन काढून बोटाने पुसायची नाही आणि त्यात डोकवायचंही नाही. लॉस नावाचा दिवा लाल झाला तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, तिथे सेटिंग बदलून काहीही होणार नाही. दुसरी गोष्ट: जोडणी पीपीपीओईची (युजरनेम-पासवर्ड टाकल्यावर सुरू होणारी) असेल तर तिचं युजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या. राउटर रीसेट केला की हे पुसलं जातं आणि मग कस्टमर केअरला फोन लावत बसावं लागतं.

आता सेटिंग. शक्यतो लॅपटॉप लॅन केबलने जोडा, कारण वायफायची सेटिंग बदलताच वायफाय तुटतं. मोबाइलवरूनच करत असाल तर मोबाइल डेटा आधी बंद करा, नाहीतर पान उघडत नाही. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 टाका; नेमका पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. काही कंपन्या हे पान ग्राहकाला देत नाहीत, त्यांच्या अ‍ॅपमधून काम करावं लागतं.

सगळ्यात आधी अ‍ॅडमिन पासवर्ड, म्हणजे सेटिंग पानाचा, बदला. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीच्या साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून पाहत. घरातल्या मोबाइलवर उघडलेलं एखादं खोटं पानही आतून तोच प्रयोग करू शकतं. पानात शिरलेला माणूस डीएनएसचा पत्ता बदलतो, म्हणजे तुम्ही बँकेचा पत्ता टाकलात तरी कुठे पोहोचायचं हे तो ठरवतो. म्हणून डीएनएसच्या रकान्यात काय आहे ते आज एकदा पाहून लिहून ठेवा, आणि बँकेच्या पानावर ब्राउझरने धोक्याचा इशारा दिला तर पुढे जाऊ नका. त्याच फेरीत रिमोट मॅनेजमेंट आणि टेलनेट (दुरून राउटरमध्ये शिरायच्या वाटा) बंद करा. टीआर-069 मात्र राहू द्या, त्यातून कंपनी दुरुस्ती आणि अपडेट पाठवते.

मग वायफाय. सुरक्षा, म्हणजे कुलपाची जात, डब्ल्यूपीए-3 ठेवा. जुना मोबाइल किंवा प्रिंटर जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए-2 आणि 3 एकत्र. फक्त डब्ल्यूपीए-2 असेल तर सोबत एईएस निवडा, टीकेआयपी नको. मोबाइल नंबर पासवर्ड का नको, त्याचा हिशेब करून पाहा. आपले नंबर 6 ते 9 ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता 400 कोटी. डब्ल्यूपीए-2 मध्ये तुमचा मोबाइल राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण पकडून पासवर्ड नंतर घरी बसून शोधता येतो, आणि गेमिंगचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख पासवर्ड तपासतं. 400 कोटींना 4000 सेकंद, म्हणजे तासाभराहून थोडं जास्त. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत, मध्ये आडव्या रेघा देऊन लिहा: खलबत्ता, पाऊस, तिकीट, जांभूळ अशा जातीचे. घरच्यांना तोंडी सांगता येतो आणि तुटायला कठीण. (हेच चार शब्द वापरू नका.) वायफायच्या नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर नको.

डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वायफाय जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे 11,000 प्रयत्नांत तो सापडतोच. ही खोट 2011 पासून उघड आहे. वायफायचं नाव लपवणं किंवा मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांनाच आत घेणारी यादी) लावणं यात वेळ घालवू नका. माहीतगाराला दोन्ही अडवत नाहीत, त्रास घरच्यांनाच होतो.

सीसीटीव्ही, स्मार्ट बल्ब आणि पाहुणे यांना गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचं वेगळं वायफाय) द्या. बरेचसे बल्ब वायफायच्या फक्त 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात, म्हणून गेस्ट तिथे चालू ठेवा. टीव्ही मात्र मुख्य नेटवर्कवरच हवा, नाहीतर मोबाइलवरून त्यावर कास्ट होणार नाही. सोसायटीत शेजाऱ्यांचे दहा-पंधरा राउटर दिसत असतील तर 2.4 वर रुंदी 20 मेगाहर्ट्झ आणि चॅनल 1, 6 किंवा 11 पैकी मोकळा असेल तो. 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींपुढे दमतो.

आतल्या खोलीसाठी जुना राउटर जोडणार असाल तर त्याचा पत्ता 192.168.1.2 करा, त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनच्या नव्हे, लॅनच्या खाचेत लावा. मुख्य राउटरचा पत्ता 192.168.0.1 असेल तर याचा 192.168.0.2. दोघांचा पत्ता एकच राहिला तर नेट मध्येच येतं, मध्येच जातं, आणि दोष कंपनीला दिला जातो.

फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट शेवटी, वीज जाणार नाही अशा वेळी. ते चालू असताना वीज गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. भारनियमन असेल तर आधी मिनी यूपीएस घ्या: अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, बहुतेक राउटरना 12 लागतात, आणि यूपीएसचे अँपिअर अ‍ॅडॉप्टरइतके किंवा जास्त हवेत. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांच्या अँपिअरची बेरीज धरा. एकट्या राउटरला यूपीएस दिला आणि डबा बंद पडला, तर वायफाय दिसेल पण नेट येणार नाही.